खाडीकाठचा सोबती

खोटं वाटेल तुम्हाला, पण मी दुबईत होतो तेव्हा तिथे पायी फिरणं महाकठीण. रस्त्यामुळे नव्हे हो, खाडीकाठचा रस्ता छान सपाट. अडचण लोकांच्या चांगुलपणाची! डॉक्टरने मला बजावलं होतं, "महिनाभर चाला, नाहीतर साखरेसाठी रोज इंजेक्शन." सुईला मी जाम घाबरतो. पहिल्याच संध्याकाळी निघालो, तर शेजारी पांढरी जीप थांबली. आत एक म्हातारे अरब काका.

"गाडी खराब? बैठो!"

"नहीं चाचा, ऐसे ही चल रहा हूँ."

"ऐसे ही? क्यों?"

डॉक्टरचं सांगितलं. काका हळहळले. मग मी पुढे, आणि जीप बैलगाडीच्या चालीने माझ्या बाजूला. काच खाली, एसी चालू, दर शंभर पावलांवर "थक गया?" हे रोज! दलदलीतले फ्लेमिंगोसुद्धा मान वळवून बघायचे.

आठवड्याने न राहवून विचारलं, "चाचा, आप रोज क्यों आते हो?"

"हबीबी, मेरे को भी शुगर है. डॉक्टर बोला, रोज तीन किलोमीटर. अकेले नहीं होता था. अब तुम्हारे साथ पूरा होता है."

महिन्याने माझं इंजेक्शन टळलं. पण आईशप्पथ सांगतो, साखर त्यांचीच जास्त उतरली!