मे महिन्यातला हीटर

नाई सांगत, जा! एकदा सांगतलं, दोनदा सांगतलं, आता का मी रेडिओ आहो, का कोणी आलं अन् पिरगाळला कान का सुरू? पण ही मायी सून, पायल, घरी पाहुणे दिसले का लगेच, "बाबा, ते हीटरवालं सांगा नं!" चहा तिच्या हातचा पेतो, जेवतो तिच्या हातचं, नाई म्हणाची सोय आहे का? सांगतो. पण हसाल तं मधातून उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. तुमाले मजा वाटते, मायी छाती अजून धडधडते.

तं तुमाले सांगतो, पन्नास वर्षं झाले, लकडगंजात रेडिएटरले, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करते त्या पेटीले, झाळ लावून राहिलो मी. शाळा तिसरी, तेही अर्धी. पण उकळतं पाणी मले ओळखते अन् मी त्याले. ट्रक येऊ द्या, ट्रॅक्टर येऊ द्या, कुठं तापून राहिला हे मी वासावरून सांगतो. अन् प्रेमानंद तिसरीत मायाच बाजूले बसे. मी बाहेर पडलो, तो शिकत गेला, शिकत गेला, मोठा इंजिनियर होऊन रिटायर झाला. पुलाचा इंजिनियर, गाडीचा नाई! हे ध्यानात ठेवा.

या प्रेमानंदची ते गाडी. विलायती, स्पोर्टवाली, अडुसष्ट सालची, लाल. दोन माणसांची, छत नाई, अन् जमिनीले इतकी चिटकून का बसाले सोपी पण उठाले दोन माणसं लागते. पंचवीस वर्षं तिचा पितळ-तांब्याचा रेडिएटर मी सांभाळला. तापे का? तापे थोडी. अरे बाप्पा, नागपुरात मे महिन्यात माणूस तापते, गाडी काहून नाई तापणार? पण रस्त्यात कधी उभी राहिली नाई. एकदाही नाई!

मंग प्रेमानंदच्या पोराचं, प्रशिकचं, लग्न जमलं. पोरगी धरमपेठची, दामिनी, चांगली पोरगी. तारीख कोणती काढली? वीस मे! प्रेमानंद म्हणे, "नवरदेव माया लाल गाडीतच जाईन." जाऊ दे. तं त्याचा भाचा सुशील, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते, तो दहा दिवस आधी आला एक खोकं घेऊन. माया दुकानात पाटावर ठेवलं अन् मले म्हणे, "काका, हा ॲल्युमिनियमचा. डबल जाडीचा. तुमचं पितळ आता म्युझियममधे देऊन टाका."

वस्तू वाईट नव्हती. खोटं काहून बोलू? हलकी, साफ कामाची, मी बोटानं जाळी जाळी पायली. पण जाडी! इंजिन अन् रेडिएटरच्या मधात जो पंखा फिरते नं, त्याले जागाच नाई उरली. मी म्हटलं, "बाबू, पंखा कुठं बसन?"

"काढून टाकू."

"काढून टाकू? अबे, मंग हवा येईन कुठून?"

"स्पीडनं येईन, काका. गाडी पळते, हवा आपोआप घुसते. मी बारा व्हिडिओ पायले आहे. बिजलीचा पंखा मागवला, तो येईन लग्नानंतर."

बारा व्हिडिओ! मी पन्नास वर्षात पायलं ते का सिनेमा होता? अन् तेवढ्यावर कुठं थांबला तो! इंजिन ज्यातून श्वास घेते तो जुना डबाही काढाले लावला, अन् त्याच्या जागी हा हात हात लांब पाईप, त्याचं तोंड एकदम सामोरच्या जाळीत. "थंडी हवा डायरेक्ट इंजिनात, काका! पॉवर वाढते!" थंडी हवा? नागपुरात? मेमधे? मी म्हटलं, "पाईप इतकासाच काहून आणला, काश्मीरपर्यंत आणाचा होता!" प्रेमानंद तिथंच बसून, चहा फुकत, मले म्हणे, "बळीराम, तुले नवीन काही पटतच नाई गा."

अन् मी का केलं? बसवलं! पट्ट्या मी ठोकल्या, पाईप मी लावला, पंखा या हातानं काढला. काहून का त्या गाडीले दुसऱ्याचा हात लागला तं मले झोप येत नाई. चूक झाली ते इथंच झाली. हात माया, म्हणजे नाव मायं. गाडी उभी राहिली तं लोकं सुशीलले थोडीच विचारतीन? म्हणतीन, बळीराम मिस्तरी बुढा झाला, हात गेला त्याचा.

मंग वर्धा रोडवर ट्रायल घेतली. ऐंशीनं! प्रेमानंद अन् सुशील गाडीत, मी मांगून स्कूटरवर, टोल येईपर्यंत डोळ्यात माती. वापस आल्यावर प्रेमानंद गरमीच्या काट्यावर बोट ठेवून दाखवते, "पाय! हलला का? मधातच आहे. याले विज्ञान म्हणतात." मी म्हटलं, "आता नवरदेव का ऐंशीनं चालला वर्धेले? वरातीत हवा येईन कुठून?" पण ऐकते कोण! दोघं मोबाईलमधे फोटो पायत बसले.

तुमी मले सांगा, वरात कोणत्या स्पीडनं चालते? चार पावलं चालते, मंग कोणाचा तरी जावई रस्त्यावर लोळते. त्याले उठवलं का साडू लोळते. मुंगी ओव्हरटेक करून जाईन!

आला तो दिवस. पंचेचाळीस डिग्री. साडेचार वाजता मी पोचलो, नवा पांढरा शर्ट घालून, हातात पाण्याची कॅन, अन् पायतो तं का! सुशीलची आई, रुखमाबाई, गाडी सजवून राहिली. झेंडूच्या माळाच माळा, ठीक आहे. पण सामोरच्या जाळीवर, जिथून हवा आत जाते तिथं, अख्ख्या जाळीवर, दोन हात रुंद थर्माकोलचं दिल! लाल! त्याच्यावर चमकीनं 'प्रशिक अन् दामिनी'!

"वं बाई," मी म्हटलं, "नाकावर काहून बांधता? हवा येईन कुठून?"

"तुमी चूप राहा हो भाऊ. फोटोत तेच येते."

आधी पंखा गेला, मंग स्पीड गेली, आता जाळीही गेली. अरे, कूलरले मांगून बोरा बांधून कोणी चालवते का? नागपुरातलं पाळण्यातलं लेकरू सांगन! पण इंजिनियरले कोण सांगन?

अर्धा किलोमीटरची वरात. सहाचं लग्न, बौद्धाचार्य तिकडं हॉलमधे येऊन बसलेले. गाडीत सुशील चालवाले, बाजूले प्रशिक, जाड जाड शेरवानी, डोक्यावर फेटा. सामोर डीजे. मी गाडीच्या बाजूनं पायदळ, चौऱ्याहत्तर वर्षाचा माणूस, एक डोळा काट्यावर. डांबर चपलेले चिटकून राहिलं. काटा मधात. पहिला जावई लोळला. काटा मधाच्या वरतं. साडू लोळला. काटा अजून वरतं. मी म्हटलं, "सुशील, डीजेवाल्याले म्हण सामोर चाल." तो म्हणे, "काका, टेन्शन नका घेऊ." तितक्यात कोण्या पोट्ट्यानं ते कागदं उडवाची नळी फोडली... फट्ट! अन् ते सारे चमकीचे कागदं, तुमाले सांगतो, त्या थंड्या हवेच्या पाईपानं असे ओढले आत, असे ओढले... गाडी दम्याच्या माणसासारखी खोकलाले लागली! खॉक! खॉक! काटा लालमधे.

आता पाहा सुशीलचा चेहरा. गाडी थांबवली, इंजिन चालूच, धावत सामोर गेला, बोनट उचललं, खिशातला रुमाल काढला, रेडिएटरच्या झाकणावर ठेवला... अन् वरून तोंड वाकवून पायते! झाकण फिरवाले लागला!

हा माया हात पाहा. इकडं पाहा, कोपरापर्यंत भाजलेला. एकोणीस वर्षाचा होतो मी, दुसऱ्याच्या दुकानात काम शिकत होतो, एका ट्रकाचं झाकण असंच उघडलं होतं. हात सामोर होता म्हणून तोंड वाचलं. अन् या पोट्ट्याचं तोंड, बाप्पा, झाकणापासून एका वितीवर! चिल्लावलो मी, पण डीजेसामोर मायं कोण ऐकते? कॅन फेकली, पायातली चप्पल काढली, अन् हाणली त्याच्या हातावर... अशी हाणली का रुमाल तिकडं, सुशील इकडं!

अन् डीजे नेमका तवाच बंद झाला.

दोनशे माणसं. सारे मायाकडं पायतात. मी एका पायात चप्पल, एक हातात. झाकणाखालून शिट्टीसारखी वाफ निघून राहिली... सीsss... अन् तिकडून प्रेमानंद आला, लालेलाल. "बळीराम! पोराच्या लग्नात माया भाच्याले चपलेनं मारतो?"

"प्रेमानंद, तो झाकण..."

"मले काही नाई ऐकाचं! माफी माग त्याची."

"अरे, काटा पाय, इंजिन..."

"आधी माफी! मंगच हात लावाचा माया गाडीले."

आता का करू? तुमीच सांगा! भांडाले टाईम होता का? इंजिन बंद केलं असतं तं पाणी जागीच उकळलं असतं, पंप थांबला असता, वरचं लोखंड वाकलं असतं, खेळ खतम. असं इंजिन आता कुठं भेटते? अन् चालू ठेवलं तरी दोन मिनिटं होती, जास्त नाई. पन्नास वर्षात मी कोणाची माफी मागितली नाई, अंजनाचीही नाई, अन् ते मायी बायको आहे! पण ते शिट्टी ऐकवत नव्हती. मी हात जोडले. "सुशीलबाबू, चुकलं मायं. माफ करा." बाबू म्हटलं! करा म्हटलं! दोनशे लोकाईसमोर!

अन् मंग मी कोणाचंच नाई ऐकलं. ते दिल धरलं अन् फाडलं. कडाकडा! रुखमाबाई किंचाळली, "अवं मायं दिल!" माळा ओरबाडल्या, पाईपातून मुठी मुठी चमकी काढली, बोनट अर्धं उघडं ठेवून तारेनं बांधलं, सुशीलच्या जागेवर स्वतः जाऊन बसलो, अन् प्रशिकच्या गुडघ्याजवळची एक दांडी होती ते पूरी ओढली. हीटर!

हाव, हीटर. वीस मेले, नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीत. हसू नका म्हटलं नं! विलायतेत बरफ पडते म्हणून त्या गाडीले हीटर. पंचवीस वर्षं प्रेमानंद म्हणे काढून टाक, मी नाई काढला. काहून का हीटर म्हणजे का असते? एक लहान रेडिएटर. अन् त्याच्या मांगं त्याचा स्वतःचा पंखा! अख्ख्या गाडीत उरलेला एकच पंखा! सुशीलनं तो काढला नाई, काहून का बारा व्हिडिओत तो नव्हता. इंजिनाची सारी गरमी त्यातून बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? सरळ नवरदेवाच्या पायावर.

"काका! हे का करून राहिले?"

"चूप बस. पाय वर घे."

"काका, बूट तापले!"

"लग्न कराचं आहे का नाई?"

डीजेवाल्याच्या मांगं हॉर्न दाबूनच ठेवला मी, आता लोळ म्हणा कोणाले लोळाचं तं! प्रशिकचा फेटा भिजला, शेरवानी भिजली, नाकावरून, हनुवटीवरून पाणी टपटप. एक बाई दुसरीले म्हणे, "वं, सासरी तं नवरी जाते, हा काहून रडून राहिला?" मी काट्याकडं पायतो. लालमधे. लालमधे. शेवटचा चौक... थरथरला. केसभर खाली आला. मंग अजून केसभर. मायाही पायाची सालं निघाली हो, पण मी सांगतो का? हॉलच्या फाटकात काटा मधात! पाच वाजून पंचावन मिनिटं! दामिनी हातात हार घेऊन उभी, नवरदेवाकडं पायते, तो उकडलेल्या बीटासारखा. आधी हार ठेवला तिनं, पाण्याचा गिलास दिला.

इंजिनाले काही झालं नाई. मीच दुसऱ्या दिवशी खोलून पायलं. नवा रेडिएटरही चांगला आहे, पंखा लागल्यावर. सुशील आला होता, दुकानात माया पाया पडला, "काका, झाकण उघडलं असतं तं आज मी आरशात पायलं नसतं." मी त्याले पंखा बसवाले शिकवला, आता पुण्याहून फोन करते. रुखमाबाईनं चिवडा पाठवला. प्रशिक तं पायाले मलम लावून आला, म्हणे, "काका, भाजलो, पण टाईमावर पोचलो." माणसं वाईट नाईत. चुकलं का म्हणतात चुकलं.

एकच राहिला. दर इतवारी येते, चहा पेते, मीच पाणी पाहून देतो गाडीचं, काहून का गाडीनं मायं का बिघडवलं? अन् गिऱ्हाइकाले सांगते का, "वरातीत मीच म्हटलं याले, हीटर लाव!" ऐकून घेतो. आता गेल्या इतवारी तं माया खांद्यावर हात ठेवून, डोळ्यात पाणी आणून, मले म्हणे, "बळीराम, त्या दिवशी तू सुशीलची माफी मागितली नं, लय मोठं मन लागते गा त्याले. सगळ्यांले नाई जमत."

खरं आहे बाप्पा. सगळ्यांले नाई जमत. आता का म्हणू त्याले? चाळीस वर्षं मोठेमोठे पूल बांधले, पण दोन शब्द नाई जमले आमच्या प्रेमानंदले.