कशानं आलात?

...आणि तुम्हाला सांगतो, पाणीसुद्धा नंतर विचारतात हो! माणूस दारात उभा, एक चप्पल पायात, एक हातात, श्वास अजून छातीत मावत नाही, आणि पहिला प्रश्न काय, तर "कशानं आलात?" का आलात नाही, कसे आहात नाही. कशानं! आणि तुम्ही काहीही सांगा, पुढचं वाक्य ठरलेलं, "अरेरे, त्यापेक्षा..." बसनं आलो म्हणा, तर त्यापेक्षा रेल्वेनं यायचं होतं. रेल्वेनं आलो म्हणा, तर त्यापेक्षा त्या शेअर गाड्या असतात ना स्टँडच्या मागं, त्यातनं यायचं होतं, दारात सोडतात. बरं, शेअर गाडीनं आलो म्हणा, तर कपाळाला हात, "या वयात? अहो, त्यापेक्षा बस बरी!" म्हणजे आपण फिरून पुन्हा बसमध्येच. आणि तुम्ही तर येऊन पोचलेले आहात! आता काय, परत जाऊन दुसऱ्या गाडीनं यायचं?

मी काही शिकलेला माणूस नाही. वेताच्या खुर्च्या विणतो, पन्नास वर्षं झाली. खुर्चीचा खड्डा बघून मी सांगतो, बसणारा किती वजनाचा आणि कुठल्या अंगावर कलून बसणारा. पण बसवरची पाटी मला वाचता येत नाही. म्हणून माझी आपली एक पद्धत आहे, तीन जणांना विचारायचं, दोघांचं जुळलं की चढायचं. पोचतो. उशीर होतो, पण पोचतो. उशिराचं मला कधी काही वाटलं नाही, वेतसुद्धा भिजायला वेळ घेतोच की. त्या एका दिवसापर्यंत नाही वाटलं.

सकाळचे साडेसहा. भाच्याचा फोन, शहरातनं. "मामा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या. शुद्धीत आहे, तुमचं नाव घेतेय सारखी. लगेच निघा." माझे हात ओले, फोन घसरतोय, मी हो म्हणायच्या आत तिकडनं काय? "कशानं येताय?"

आई म्हणजे माझी ताई. थोरली बहीण. आमची आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि ती बारा. मला भरवलं तिनं, मारलं तिनं, वेतकामाच्या उस्तादाच्या हाताखाली घातलं तिनं. सत्तर वर्षांत मी तिचा एक शब्द मोडलेला नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की तिनं शेवटी डोळे मिटताना मी तिथं असावं. बास. जास्त काही नाही. बोटाला बोट लागलेलं असावं.

आता निघायचं कशानं? आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, स्टेशनात तिकीट खिडकीवर होते, त्यांना सगळी आळी टाइमटेबल म्हणते. सगळ्या गाड्या तोंडपाठ, स्वतः मात्र कधी कुठं गेले नाहीत. त्यांच्या दारात गेलो. डोळे मिटून म्हणाले, "सातपाचची तुम्हाला मिळत नाही. आठवीसची आहे, पण ती मंगळवारी नसते. आज वार काय?" म्हटलं, मंगळवार. "मग नाही. नऊ चाळीसची आहे ना! एकदम जलद! फक्त आपल्याकडे थांबत नाही." मी म्हटलं, मग मला तिचा उपयोग काय? तर म्हणतात, "उपयोग काही नाही, पण वेळेवर असते हो!"

तोवर सून म्हणाली, "बाबा, मी मोबाइलवरनं गाडी बोलावते." तिनं मला दाखवलं, काचेत एवढीशी गाडी, मुंगीएवढी. तीन मिनिटांत येतेय म्हणाली. आम्ही दोघं त्या मुंगीकडं बघतोय. मुंगी पुलाकडं गेली, वळली, पुन्हा पुलाकडं गेली. मग फोन. "कुठं जायचंय? शहरात? परत रिकामं यावं लागतं ना ताई, नाही जमत." दुसरी मुंगी. तीच कथा. तिसरा जरा बरा होता, विचारपूस केली. "पेशंट आहे का बरोबर?" सून म्हणाली, पेशंट तिकडं आहे, दवाखान्यात. मग म्हणाला, "येताना आणायचं नाही ना? आम्ही तसलं नेत नाही, गाडीला वास राहतो." सुनेनं फोन ठेवला. ती माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं बघेना. तीन मिनिटं म्हणाली होती, त्याचा पाऊण तास झाला होता.

मग शेअर गाडी. ड्रायव्हर दार आपटून म्हणाला, "बसा आजोबा, निघालोच." नऊ माणसं झाली की सुटणार, मी चौथा. तुम्हाला सांगतो, निघालोच हा शब्द मी त्या दिवशी अकरा वेळा ऐकला. दोन माणसं यायची, तोवर एक कंटाळून उतरून जायचा. आठ जण झाले तेव्हा एका बाईचं पोर रडायला लागलं, ती उतरली, तिच्याबरोबर तिची सासू उतरली, सासूबरोबर सामान. राहिलो सहा. "निघालोच!" मी पण उतरलो. तिघांना विचारलं, दोघांचं जुळलं, बस पकडली.

आता बसबद्दल मी वाईट बोलणार नाही. सीटचा फोम गेलेला, खालचा पत्रा लागतो, पण पत्रा निदान खोटं बोलत नाही. तीन तास. शहर आलं की आलंच असं नाही हो, शहर आल्यावर शहरात जायला आणखी एक तास लागतो. बस बाहेरच्या स्टँडवर सोडते, तिथनं दुसरी बस, तिथनं रिक्षा, रिक्षावाला पुलाच्या अलीकडंच उतरवतो, पलीकडं वन वे आहे म्हणून. मी पूल चालत ओलांडला. दवाखान्याच्या फाटकावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. वॉचमननं काठी आडवी धरली. "कुठून आलात?" सांगितलं. "कशानं?" म्हटलं, बसनं. "अरेरे, त्यापेक्षा दुपारच्या रेल्वेनं यायचं आरामात. भेटायची वेळ तीनला आहे."

दोन तास फाटकाशी. तीनला वर गेलो, तर बोळात भाचा आणि ताईचे दीर. दीर म्हणजे फार सरळ माणूस. आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, तेवढा एकच दोष. भाचा मिठी मारून रडला आणि रडता रडता म्हणाला, "कशानं आलात मामा?" बसनं म्हटल्याबरोबर दीर म्हणाले, "छे! त्यापेक्षा शेअर गाडी." भाचा म्हणाला, "नाही काका, त्यापेक्षा रेल्वे." आणि त्या दोघांची जुंपली की हो! आत माझी बहीण जातेय आणि बाहेर हे दोघं, रस्ता कुठं उखडलाय आणि फाटक कुठं पडतं! मी दोघांच्या मधनं वाट काढून आत गेलो.

ताई... चादरीखाली कोणी आहे की नाही असं वाटावं, एवढी झाली होती. तोंडावर तो प्लास्टिकचा मुखवटा. डोळे उघडले. मी म्हटलं, आता हीसुद्धा विचारणार. मुखवटा वर केला आणि म्हणाली, "आलास? जेवलास का?" म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं तिनं. "जाणार कशानं?"

सगळी दुनिया विचारते कशानं आलास, आणि ही एकटी विचारते जाणार कशानं! आजचंच नाही, नेहमीचंच. चाळीस वर्षं मी तिच्याकडं जातोय, चहाचा पहिला घोट घेतला की हिचं सुरू, "ऊठ, गाडी चुकेल." स्टँडवर स्वतः यायची. खिडकीतनं आपली पिशवी सीटवर टाकून माझी जागा धरायची. मी बसेपर्यंत खाली उभी. "नीट बसलास? खिडकीची आहे ना? मग जा." कंडक्टर म्हणायचे, "बाई, आता घंटी मारू का?"

मी म्हटलं, "ताई, मी थांबतोय."

"थांबून काय करणार? तुझी कंबर धरलेली. इथं एक स्टूल आहे, त्यालाही पाय तीनच."

"मी स्टूल नीट करीन."

"पाचला शेवटची बस आहे. ऊठ."

"अगं..."

"मोठा झालास काय? ऊठ!"

पुन्हा घड्याळ. प्रत्येक मिनिटाला घड्याळ. आणि ते शेजारचं यंत्र, त्यातले आकडे वर पळायला लागले. सिस्टर आली. "आजोबा, काय चाललंय? त्यांना त्रास होतोय बघा. तुम्ही निघा बरं." भाच्यानं मला हळूच कोपऱ्यात घेतलं. "मामा, तुम्ही निघालात की ती शांत होईल. नाहीतर पाच वाजेपर्यंत घड्याळच बघत राहील." मी म्हटलं, बरं, मी बोळात बसतो, तू सांग मामा गेला. पण ताई ती! सत्तर वर्षं मला ओळखते. मुखवट्यातनं आवाज आला, "भाऊजी, याला स्टँडवर सोडा. बसमध्ये चढताना स्वतः बघा. मग मला येऊन सांगा." आणि भाऊजी म्हणजे कोण? आयुष्यात खोटं न बोललेला माणूस!

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. मीसुद्धा म्हणतो. पण तिच्यापुढं नाही कसं म्हणतात, हे मला तिनं शिकवलंच नाही. तिच्या बोटाला हात लावला. बोट गार होतं. "जा," म्हणाली. गेलो.

दिरांनी स्कूटरवर बसवलं, स्टँडवर आणलं, शेवटच्या बसमध्ये ढकललं. शेवटची बस म्हणजे काय सांगू! दांडीला धरायला हात वर केला तो खाली घ्यायला जागा नाही. एका पायावर कुणाची तरी बोचकी, दुसरा पाय कुणाचा मला माहीत नाही, माझा नव्हता. अर्ध्या तासानं खिशात फोन वाजला. शेजारच्या माणसानं माझ्या खिशातनं काढून माझ्या कानाला धरला. भाचा.

"मामा, जागा मिळाली का? काका म्हणतात, चढलेले दिसले, बसलेले दिसले नाहीत. आई झोपेना."

आणि त्याच्या मागनं तिचा आवाज, कापसातनं यावा तसा. "विचार, खिडकीची का?"

मी म्हटलं, "हो हो, सांग तिला. मिळाली. खिडकीची. वारा लागतोय छान."

ज्यानं फोन धरला होता ना, तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. माझं नाक त्याच्या काखेत होतं.

आणखी वीस मिनिटं झाली असतील. पुन्हा फोन. "मामा... आई गेली. 'खिडकीची म्हणाला ना?' एवढं विचारलं तिनं. मी हो म्हटलं. मान वळवली. आम्हाला वाटलं, झोपली."

मी कंडक्टरला म्हटलं, मला उतरायचंय. "आजोबा, तिकीट शेवटपर्यंतचं आहे, इथं माळावर कुठं उतरता?" मी म्हटलं, उतरवा. माझा चेहरा बघून मागनं एक मुलगी उठली. "बाबा, तुम्ही बसा ना इथं." खिडकीची होती हो!

उतरलो. रस्ता ओलांडला. तिकडनं शहराकडं जाणारं जे येईल त्याला हात. एक बस थांबली नाही, दुसरी थांबली नाही, शेअर गाडी थांबली पण तिच्यात नऊ होते. सिमेंटचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं वर घेतलं, दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं, पूल सुद्धा ओलांडून दिला, आणि सगळ्या वाटेत एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी भेटलेला तेवढाच एक.

वर गेलो. चादर तोंडावर ओढलेली. बोळात आता दहा-बारा माणसं. मला बघून कुणीतरी हळूच विचारलंच, "कशानं आलात?"

"ट्रकनं."

"अरेरे, त्यापेक्षा..." आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच ते वाक्य कुणाला पुरं करता येईना. सगळे एकमेकांकडं बघतायत. शेवटी दिरांनी केलं, खोटं न बोलणारा माणूस. "त्यापेक्षा," म्हणाले, "तुम्ही गेलाच नसतात तर."

त्यांना काय सांगू, मी जाण्यात चुकलो नाही, मी बसण्यात चुकलो. फोनवर खरं सांगायचं होतं, ताई, उभा आहे गं, जागा नाही मिळाली. मला उभं ठेवून ती जाणारच नव्हती. थांबली असती बिचारी... पुढच्या स्टॉपपर्यंत तरी.