वरच्या पाण्यातली पिल्लं

मैत्रेयी : नाही, सिद्धरामअण्णा, नमुन्यांच्या बाटल्या बदलल्या नाहीत. बंधाऱ्याच्या खालच्या माशांना लाल झाकण, वरच्यांना निळं. तुमच्यासमोरच कातरले होते माशांचे पर.

सिद्धराम : व्हय, मासा मीच धरला हुता. मग तुजे कालेजातले सर कामून न्हाई म्हनायलेत?

मैत्रेयी : गेल्या साली तांबीर माशाच्या एका मादीच्या पराचा तुकडा घेतला आणि तिला खालच्याच पाण्यात सोडलं. यंदा बंधाऱ्याच्या वर पिल्लं धरली. त्यातल्या सातांची आई तीच निघाली.

चंद्रम्मा : नखाएवढ्या तुकड्यावरून आई वळखू येती?

मैत्रेयी : येते, अक्का. माणसाचीपण येते.

चंद्रम्मा : मग आमच्या ह्यांचं बघ की. कुनावर गेलेत ते सासूबाईला बी शेवटपत्तूर कळलं न्हाई.

सिद्धराम : तू चहा टाक जा. पोरगी बसवकल्यानहून उपाशी आलीया.

मैत्रेयी : बंधारा बांधून चाळीस वर्षं झाली. पिल्लू वाहत खाली येईल, पण खालची मादी भिंत चढून वर कशी जाईल? सर म्हणतात, तूच घोळ घातलायस, तीन वर्षांचं काम टाकून दे. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय.

सिद्धराम : पुरात उडी मारली असंल.

मैत्रेयी : दोन पुरुष उंच?

सिद्धराम : मग बगळ्यानं नेली असंल.

मैत्रेयी : बगळा नेतो ते खायला, अण्णा. अंडी घालायला नाही.

चंद्रम्मा : अवं, सांगून टाका की. पोरगी रडकुंडीला आलीया.

सिद्धराम : गप बस.

चंद्रम्मा : तेरा सालं झाली गप बसायले. मैत्रेयी, माजी पान्याची हंडी हाय न्हवं, पितळंची, म्हायेरची? पावसाळ्यात ती घरात नसती. आली की आठ दिस चिंचेनं घासायलेय, तरी वास जाईना.

मैत्रेयी : हंडीत मासे? अण्णा, तुम्ही वर नेऊन सोडता?

(सिद्धराम हातातलं जाळं बाजूला ठेवतो.)

सिद्धराम : गढूळ पानी आलं की माद्या खालून यायलेत. पोट अंड्यानं तट्ट. भिंतीला थडकतेत, मागं सरतेत, पुन्ना थडकतेत. नाकाची कातडी जाती. आन लोक तितंच जाळं लावून बसलेले. मी बी बसायचो. एक डाव एक चिरली, तर आत नुस्ती अंडीच. हात चालंना पुढं. दुसऱ्या दिशी हंडी घेऊन गेलो.

मैत्रेयी : वर कुठं सोडता?

सिद्धराम : रेतीचा पट्टा हाय तितं. पानी उथळ, वाहतं. बंधाऱ्याआदी माजा बाप म्हनायचा, अंडी तितंच टाकतेत.

मैत्रेयी : मला एकदा तरी सांगायचं होतं.

सिद्धराम : खालच्या पान्यात मासे धरायचा हक्क मच्छीमार सोसायटीचा. कळलं तर म्हनतील, सिद्धराम मासे चोरायलाय. मला नदीवर पाय ठिवू देनार न्हाईत.

मैत्रेयी : तुमचं नाव नाही घालत मी.

सिद्धराम : मग सर मानतील?

मैत्रेयी : नाही. कुणी नेले ते विचारतील.

चंद्रम्मा : चहा घ्या आदी. गार व्हायलाय.

सिद्धराम : पोरी, एक इचारू? त्या सातांची आई खालची. बाकीच्यांची?

मैत्रेयी : चाळीस पिल्लं तपासली. त्यातल्या बावीसांत खालच्या माशांचा वंश आहे.

सिद्धराम : बावीस?

मैत्रेयी : निम्म्याहून जास्त. तुम्ही नेलेल्या माद्यांचीच ती.

सिद्धराम : म्हंजे जगल्या म्हन की.

मैत्रेयी : तुम्हाला माहीत नव्हतं?

सिद्धराम : सोडलं की तळाला जातेत. पुन्ना दिसत न्हाईत. हंडीतून नेतानाच अर्ध्या मरत असतील, मी उगं त्यांचा जीव घ्यायलोय, आसं वाटायचं. तरी न्ह्यायचो. इचारावं तरी कुनाला?

चंद्रम्मा : मला बी कदी बोलले न्हाईत हे.

सिद्धराम : ती पिल्लं... पर कातरून सोडलीस न्हवं?

मैत्रेयी : सोडली, अण्णा. वरच.

सिद्धराम : फोन लाव तुज्या सरास्नी. मी बोलतो.