आनी

कूतको रे — बस म्हणते ना! स्पीकर हवाय? वाढदिवसाला तूच दिलास माझ्या सौम्याला, आनी परत मागायला आलास, गगन? लाज? वर वाजतोय बघ तुझा स्पीकर, ऐक. अय्यो, ह्या कोयत्याकडे काय बघतोस, नारळ फोडतेय. पणजोबांची तलवार गेली कुठे देव जाणे, दसऱ्याच्या आयुधपूजेला आता आम्ही हाच मांडतो — कुंकू आहे बघ अजून. भीती वाटली? वाटू दे. मघाशी दारात कानफटात दिली ती लागली? बरं झालं, आणखी देईन. लग्न मेसेजवर मोडतात का रे? येलवालच्या मामांकडे अक्षता देऊन आले मी, आनी तू बेळगोळच्या फॅक्टरीत बसून बोटानं टाइप करतोस — सॉरी! ते बोटच तोडायला हवं, इथे, ह्या फळीवर. ठेव बघू! — हात का मागे घेतलास?

ती? ती काय करणार, काहीच करत नाही. मी भांडी आपटली, तुझा फोटो गॅसवर धरून जाळला, तुझ्या आईला फोनवर नको नको ते बोलले. ही सुम्मने, गप. तेच गाणं, परत परत. कोरियाची कुणी पोर गाते. प्रेम मोडलंय म्हणे तिचं — मग रडावं की नाही? ऊर बडवावा? छे! ढोल नाही, काही नाही, दोन बोटांचा पियानो, आनी तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो इतकं हळू — इस्त्री करता करता गुणगुणावं तसं. डोकं फिरतं रे माझं! एकच शब्द कळतो — आनी. आनी... आनी... मी म्हटलं, अगं, आनी काय? पुढे बोल की! तर सौम्या म्हणाली, अम्मा, आपल्यासारखं नाही ते, त्यांच्यात आनी म्हणजे 'नाही'. बस. त्यानंतर तोंड उघडलं नाही तिनं. जेव गं — नाही. रड गं, हवं तर मला मार — नाही. नुसती बघते. मला भीती वाटते रे तिची — तिच्यासाठी, तिच्यासाठी म्हणायचं होतं मला. म्हणून तुला आत घेतलं. वर जा, तोंडावर सांग तिला नको म्हणून. रडेल तरी.

थांब, उतरतेय ती. ये पुट्टी, ये. स्पीकर आणलास? घाल ह्याच्या टाळक्यात! — अगं, कोयता कशाला घेतलास — बरं, स्पीकरच फोड! फोड! आणखी एक! शाब्बास! बघ रे, माझी पोर बघ! उचल आता तुकडे, ने तुझा स्पीकर!

बस, सौम्या. झालं. गाणं पण गेलं. ठेव आता तो कोयता. ठेव गं, राणी. — काय? आनी? कुठलं आनी, आपलं की त्यांचं? इतकं हळू काय बोलतेस? सौम्या, इकडे बघ, माझ्याकडे — गगन, मागचं दार उघडं आहे. अरे, बघतोस काय? पळ!