आईची तीन सेलची टॉर्च

हॅलो?… कोण?… अगं, मोठ्याने बोल जरा… हां, तू होय! थांब, फोन स्पीकरवर टाकतो. तुझ्या आईच्या खोलीतच बसलोय, टेबलाशी… हो, हो, जेवलो दोघंही.

काय करतोय? डाख लावतोय… डाख गं, डाख! सोल्डरिंग!… हसू नकोस. जन्मभर इस्त्री फिरवली तुझ्या बापाने, शेकडो कोट शिवले, पण ही काडीएवढी इस्त्री काही हातात धरवत नाही बघ. तुझ्या आईचीच ती, रेडिओच्या कारखान्यातली… हो, निवृत्त झाली तेव्हा घेऊन आली होती, तीच. दोनदा बोट भाजलं… नाही गं, मलम कशाला.

टॉर्च दुरुस्त करतोय. तिच्या उशाशी असायची ती, पत्र्याची, तीन सेलवाली… बल्ब गेला. तसला बल्ब आता मिळत नाही, सगळा बाजार पालथा घातला… अगं, नवी आणली होती ना! तिचं बटण रबरी, इतकं घट्ट की मलाच दाबवेना. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्या आईचा डावा हातच काय तो चालतो, त्यात जोर कुठून आणायचा? जुनीचं बटण अंगठ्याने नुसतं पुढे सरकतं… म्हणून म्हटलं, जुनीलाच एलईडी बसवू.

विकत कशाला? तो माळ्यावरचा बंद पडलेला इमर्जन्सी दिवा उघडला, त्यातला एक काढला. रेझिस्टर जुन्या रेडिओतला. आणि बल्बची काच फोडून नुसती पितळी टोपी ठेवली, तिच्यात बसवला… शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने कसं जोडायचं ते कागदावर काढून दिलं.

हो गं, घंटा आहे. तूच दिलीस… पण मला ऐकू येते का ती? परवा तुझी आई पलंगावरून पडली, तेव्हाही घंटा वाजवतच होती ती. अर्धा तास! आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, आरामात… हाक तर तिला मारताच येत नाही आता… तो अर्धा तास मी मरेपर्यंत विसरणार नाही, पोरी… म्हणूनच तर. इथून उजेड मारला की थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडतो. कान गेले, डोळे शाबूत आहेत माझे.

काय?… उद्याच नेतेस आईला?… अगं, पण रविवारी येणार होतीस ना?… गाडीसुद्धा सांगितलीस?… हो, कळतं मला. तुझं चुकतंय असं कुठे म्हणतोय मी? तुझ्याकडे माणसं आहेत, बाई ठेवशील, सगळं खरं… मी? मी राहीन की. मला काय धाड भरलीय… नाही, रागावलो नाही. आवाजच असा आहे माझा.

ऐक ना. आज ही टॉर्च लागली, तर आठ दिवस दे मला. फक्त आठ… थांब, टोपी बसवली. सेल घातले… लावतो हं…

नाही लागली.

काही नाही, तू बोल… हो, भरून ठेवतो तिची बॅग. निळी शाल घालतो, तिला लागते…

थांब जरा. तुझी आई काहीतरी खुणावतेय… काय गं? कूस बदलायची?… नाही? मग हात का उलटा करतेस?… पाणी?… अगं चिडू नकोस ना, मी ठोंब्या आहे, सावकाश सांग… टॉर्च? टॉर्च उलटी?… सेल! सेल उलटे घालू?… पोरी, सेल उलटे घाल म्हणतेय!… मला काय माहीत! साध्या बल्बला सेल कसेही घाला, लागतो. कापडाला असते तशी एलईडीलाही सुलटी बाजू असते होय!

घातले… घे, तूच लाव. अंगठा ठेव… हां, सरकव…

अगं लागली! लागली गं! केवढा लख्ख उजेड… हसतेय! पोरी, तुझी आई हसतेय! झटक्यानंतर पहिल्यांदा…

हॅलो? आहेस ना?… ऐक, एक बोलू? महिनाभर आपण दोघं भांडतोय, तिने कुठे राहायचं म्हणून. तिला विचारलंय का कुणी?… मीही नाही गं… थांब, आत्ताच विचारतो.

अगं, ऐकतेस ना? लेक उद्या न्यायला येतेय. तिथे तुला सुख आहे, माझ्यासारखा बहिरा नाही. जायचं असेल तर दारावर उजेड मार. इथेच राहायचं असेल तर माझ्यावर. मी इथे खिडकीशी उभा राहतो. माझा विचार करू नकोस हं. घाई नाही…

नाही, अजून नाही… छतावर आहे… आता कपाटावर… दाराकडे चाललाय गं… दारावर…

थांब. पुढे सरकला…

माझ्यावर. तोंडावरच मारतेय माझ्या, डोळे दिपले… अगं बास, कळलं… बंद कर ना आता… करतच नाहीये, पोरी… हॅलो?… रडतेयस का? मोठ्याने सांग, मला ऐकू येत नाही…

हो, ये उद्या. चार दिवस राहायलाच ये… ठेवतो आता. मी जवळ जाऊन बसल्याशिवाय ती काही बंद करायची नाही.