बाबांचा डिस्चार्ज

कोणी डिस्चार्ज म्हटलं की मले आमचे बाबाच आठवतात. भिलाईचा कारखाना उभा होत होता, तेव्हा ते ठेकेदाराकडे भट्टीचा पाया खणायचे. दगड पडून त्यांचा पाय मोडला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उद्या डिस्चार्ज. म्हणजे घरी जायचं." आईनं वॉर्डभर गूळ वाटला.

पुढे काठी टेकत बाबा कामावर गेले, तर ठेकेदाराचा मुनीम म्हणाला, "तुले डिस्चार्ज केलं."

बाबा हसले. "हो जी, तो तं कधीचाच भेटला!"

"दवाखान्याचा नाही. कामावरून काढलं तुले."

"बरं झालं तरी डिस्चार्ज, अन् काढून टाकलं तरी डिस्चार्जच?"

"इंग्रजीत तसंच असते," मुनीम म्हणाला. "लंगडा माणूस ठेकेदाराले नाही पाहिजे."

भट्टी पेटली तेव्हा आम्ही भंडाऱ्याकडे दुसऱ्याच्या वावरात धान कापून राहिलो होतो. बाबा बांधावर बसून होते.