खंडेनवमीचा टिळा

ओझरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे विमान कारखान्यातले निवृत्त फिटर सावळीराम आणि संग्रहालयासाठी जुनं लढाऊ विमान दुरुस्त करणारी सृष्टी बोलत होते.

"काका, चुकलं माझं. चाकाजवळचा लाल डाग गंज समजून थिनरनं पुसला. तुमचा जुना फोटो बघून कळलं, तो खंडेनवमीचा टिळा होता."

"म्हणून तोंड पाडलं का पोरी?"

"उद्या उद्घाटनाला याल ना? रागावून घरी बसू नका."

"अगं, दरवर्षी आम्ही पण आधी जुना पुसायचो, मगच नवा लावायचो. तू निम्मं काम केलंस."

"मग उरलेलं उद्या तुम्ही करा."

"मी नाय. ज्याचा हात विमानावर चालतो, त्यानंच लावायचा. कुंकू मी आणतो, बोट तुझं."